मालकाचा माग

पिंपरीच्या फाटकांवर आम्ही एकच प्रश्न विचारीत आलो: या कंत्राटी पोराचा खरा मालक कोण? मुकादमावर पोटठेकेदार, त्यावर ठेकेदार, त्यावर आणखी कोणी!

‘एसक्यूएल’ ही तक्त्यांची भाषा. तिच्यात दर पायरीला तक्त्याला तक्ता जोडावा लागतो. पायऱ्या किती हे ठाऊक नसले, तर 1999 च्या मानकाने सोय दिली. पण ती लिहिताना जाणत्याचीही दमछाक होते. ‘सायफर’मध्ये माणूस कंसात, नाते बाणाने, आणि ‘कितीही पायऱ्या’ एका तारकेत! आम्हां सातवी पासांनाही ती वाचता आली. 2024 च्या एप्रिलात याच वळणाची ‘जीक्यूएल’ आंतरराष्ट्रीय मानक झाली.

मात्र बाण नोंदलेल्या नात्यावरूनच चालतो. आणि आमच्या पोराजवळ हजेरीकार्डसुद्धा नसते.