पंगत आणि मुहूर्त
(गांवच्या चावडीपुढें झालेलें भाषण)



गेल्या वैशाखांत शेजारच्या गांवीं लग्नाच्या पंगतींतून उठलेलीं पन्नास-साठ माणसें संध्याकाळपर्यंत ओकारी व ढाळांनीं आडवीं पडलीं. माझ्या शाळेंतलीं चार मुलें त्यांत होतीं. सर्व जगलीं, पण खापर फुटलें तें रांधणाऱ्या गरीब बाईच्या माथीं. कोणी म्हणाले तिचा हात वाईट, कोणी म्हणाले देवी कोपली. मी मात्र चौकशी केली ती घड्याळाची.

भात शिजला पहाटें ४ वाजतां. बासुंदी आदल्या रात्रीं आटविलेली. मुहूर्त साडेअकराचा, पण भटजी दुसरीकडचें लग्न उरकून आले दीड वाजतां, आणि पंगत बसली अडीचला. साडेदहा तास तो भात मोठ्या पातेल्यांत झांकून मांडवांत पडला होता!

आतां गणित करा. असे जंतु ५ ते ६० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत वाढतात. अंगाच्या उष्णतेइतकी, म्हणजे ३७ अंशांची ऊब त्यांना फार मानवते. वैशाखांतला मांडव तेवढी ऊब फुकट देतो. तेथें एकाचे दोन व्हावयास सुमारें २० मिनिटें पुरतात. एकाचे तीन तासांत ५१२, सहा तासांत २,६२,१४४! घरीं जाऊन पाटीवर मांडून पाहा.

शिजलें म्हणजे जंतु मेले, असें समजूं नका. भातांतल्या एका जातीचीं बीजें उकळींतही तगतात व भात कोमट होतांच रुजतात. दुसरी जात हातावरच्या फोडांतून, नाकांतून दुधांत जाते व असें विष सोडते कीं, तें पुन्हां उकळूनही जात नाहीं. अन्नाला वास येतोच असेंही नाहीं.

पावसाळ्यांत पुराचें पाणी विहिरींत उतरतें, ती आणखी निराळी कथा. १८८४ सालीं रॉबर्ट कॉक यांना कलकत्त्याच्या तळ्याच्या पाण्यांत पटकीचा जंतु सांपडला. मरीआईवरचा आळ तेव्हांच सुटावयास हवा होता.

पुढल्या महिन्यांत आपल्या आळींत तीन लग्नें आहेत. भात पंगतीआधीं दोन तासांच्या आंत शिजवा. बासुंदी त्याच दिवशीं आटवा. भटजींना उशीर झाला तर पंगत आधीं बसवा. पोरांना तर आधींच वाढा. आणि त्या बाईला रांधावयास बोलवा. त्या लग्नाची तिची मजुरी अजून मिळालेली नाहीं.