अंगणातला वेल आणि पंपात उरलेले औषध
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कपाशी-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत द्राक्षाचे काय काम, असे तुम्ही म्हणाल. द्राक्षबागा नाशिक-सांगलीकडच्या. पण न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेला एखादा वेल आपल्याही अंगणात असतो. त्याची पाने पिवळी पडली की आपण काय करतो? कपाशी फवारून पंपात उरलेले औषध त्यावर मारतो. वाया कशाला घालवायचे! आम्ही कृषीची पदवी घेतली, तरी आमच्या घरीही हेच चालायचे. आणि त्याच वेलाचे घड पोरे न धुता खातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले. ज्या औषधाने मारणारा मरतो, ते पोरांच्या तोंडी जाऊ द्यायचे का?

बरे, त्याने रोग तरी जातो का? नाही. किडीचे औषध बुरशीवर चालत नाही. पानावर तेलकट पिवळे डाग आणि खालून पांढरी बुरशी दिसली, तर तो केवडा. पानांवर, मण्यांवर राख फासल्यासारखी दिसली, तर ती भुरी. सालीखाली कापसासारखे पुंजके आणि खोडावर मुंग्यांची रांग असेल, तर पिठ्या ढेकूण.

केवड्याचे औषध शेतकऱ्याच्याच हातून सापडले. फ्रान्सात बोर्डो शहराजवळ मेदोक भागात वाटसरू रस्त्याकडेची द्राक्षे तोडून नेत. शेतकऱ्यांनी वेलांवर मोरचूद-चुना शिंपडला. निळसर पाने पाहून कोणी हात लावीना. १८८२ साली मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने पाहिले, बाकीचे वेल केवड्याने झडले, हे मात्र हिरवे! त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ साली ते जाहीर केले. हेच बोर्डो मिश्रण. अक्कल शेतकऱ्याची, नाव शहराचे!

घरच्या वेलाला दहा लिटर पुष्कळ झाले. प्लॅस्टिकच्या एका बादलीत पाच लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद विरघळवा. दुसरीत तेवढ्याच पाण्यात १०० ग्रॅम कळीचा चुना विझवून, थंड करून गाळा. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओता. लोखंडी सुरी बुडवून पाहा. तांबूस चढली तर आणखी चुना घाला. त्याच दिवशी वापरा. कोवळ्या फुटीवर मोरचूद-चुना निम्माच घ्या. घड पिकायला लागले की फवारणी बंद. मोरचूदही विषच आहे, तोंड बांधा, हात धुवा. भुरीला पाण्यात मिसळणारे गंधक, लिटरला दोन ग्रॅम. पण भर उन्हात नको, पाने करपतात.

तणनाशकाचा पंप तर वेलाजवळ नेऊच नका. टू-फोर-डीचा अंश लागला की कपाशीची पाने कशी वाकडी होतात, तुम्ही पाहिले आहे. द्राक्षाचेही तेच होते.

पण खरे औषध कात्री आहे. एप्रिलात आणि ऑक्टोबरात छाटणी करा. दाटी काढा, ऊन-वारा आत जाऊ द्या. सुटी साल खरवडून जाळा, म्हणजे पिठ्या ढेकणाला लपायला जागा उरत नाही. झडलेली पाने वेलाखाली ठेवू नका.

आणि कपाशीचे औषध लागेल तेवढेच कालवा. उरलेच नाही, तर अंगणात येणार कुठून?