डोळे येणे आणि वडस

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत असताना बंगालमध्ये डोळे येण्याची साथ पसरली. लोकांनी तिला ‘जोय बांगला’ म्हटले. अशा साथींमागे एंटेरोव्हायरस-७० किंवा कॉक्सॅकी ए-२४ हे विषाणू असतात. संसर्ग नजरेने नव्हे, तर दूषित हात व रुमालांतून होतो; बहुधा तो आपोआप बरा होतो. प्रतिजैविके विषाणूंवर निरुपयोगी ठरतात. स्टेरॉईडचे थेंब मनाने घातल्यास हर्पिसचा संसर्ग बळावून बुबुळाला कायमची इजा होऊ शकते.

वडस हा संसर्ग नव्हे. उन्हातील अतिनील किरणांशी निगडित अशी ही मांसल वाढ बुबुळावर सरकते. परंतु तशीच दिसणारी गाठ क्वचित कर्करोगाचीही असते. एचआयव्हीबाधितांना तिचा धोका अधिक. म्हणून औषधापूर्वी निदान हवे.