किती शस्त्रक्रिया झाल्या आणि किती जणांना दिसू लागले?



सुवर्ण महोत्सव हा हिशेब मांडण्याचा प्रसंग असतो. व्यापारी दरवर्षी दिवाळीला वही बदलतो. संस्था पन्नास वर्षांनी मागे वळून पाहते. कोणत्याही सेवाभावी न्यासाची स्मरणिका उघडली की तीत एक पान आकड्यांचे असतेच. इतकी नेत्रशिबिरे, इतक्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया, इतके चष्मे, इतक्या रुग्णांस औषधवाटप. औषधदानाची गणना चार दानांत करणाऱ्या समाजाला हे पान भूषणावहच होय. तथापि त्या पानावर एका रकान्याची उणीव हटकून जाणवते. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी किती जणांना पुढे नीट दिसू लागले, हा तो रकाना. सेवाभावी रुग्णालयाच्या गुणवत्तेचा विचार करावयाचा तर त्याचा आरंभ या रिकाम्या रकान्यापासून करणे इष्ट ठरेल.

कापडाच्या पेढीवर विकलेल्या ताग्यांची नोंद होते, तशीच परत आलेल्या मालाचीही होते. कापड विटले, आटले किंवा वाणात खोट निघाली तर पैसे मोजलेले गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर उभे राहते. मोफत उपचार घेणारा माणूस मात्र सहसा परत येत नाही. जे फुकट मिळाले त्यात खोट कशी काढावी, या संकोचाने तो गप्प बसतो आणि घराच्या ओसरीवर उरलेले आयुष्य चाचपडत काढतो. त्याच्या मौनाचा अर्थ संस्था ‘तक्रार नाही’ असा लावते. विनामूल्य सेवेतील सर्वांत मोठा धोका कोणता असेल, तर तो हाच.

ही भीती काल्पनिक नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हैदराबाद शहरात घरोघर जाऊन नेत्रतपासणी करण्यात आली, तेव्हा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याची दृष्टी अंधत्वाच्या व्याख्येत बसेल इतकी क्षीण आढळली. रुग्णालयांच्या अहवालांत मात्र हे सर्व डोळे ‘शस्त्रक्रिया झाली’ या सदरातच जमा होते. पुढे २०१४ साली पंजाबात आणि २०१५ साली मध्य प्रदेशात एकेका शिबिरानंतर झालेल्या जंतुसंसर्गाने अनेक गरीब वृद्धांची उरलीसुरली दृष्टीही गेली. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या म्हणून या घटना देशाला कळल्या. एकेकट्याने गेलेला डोळा बातमीत येत नाही.

विनामूल्य आणि उत्तम या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात काय, या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर तामिळनाडूतील मदुराई येथे मिळते. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी हे शासकीय सेवेतून वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झाले आणि १९७६ साली त्यांनी अवघ्या ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे तरुणपणीच वाकडी झाली होती. त्याच बोटांना शस्त्र धरण्याचा सराव देऊन त्यांनी हयातीत एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. त्यांची भगिनी डॉ. नाचियार आणि मेहुणे डॉ. नंपेरुमालसामी हेही सोबतीला आले. पुढे तेनी, तिरुनेलवेली, कोइमतूर, पुदुच्चेरी अशा शाखा निघाल्या. आता या संस्थेत वर्षाकाठी चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया होतात व त्यांतील निम्म्याच्या आसपास विनामूल्य किंवा नाममात्र शुल्कात होतात. २००६ साली डॉ. वेंकटस्वामी निवर्तले, परंतु घडी विस्कटली नाही, ही गोष्ट एकखांबी तंबूवर चालणाऱ्या न्यासांनी विशेष लक्षात घ्यावी.

या संस्थेच्या जमाखर्चाची रीत वाणिज्य शाखेच्या कोणत्याही पदवीधरास मोहात पाडील अशी आहे. रोजचा उपचारखर्च देणग्यांवर अवलंबून नाही. पैसे देणाऱ्या रुग्णांकडून आलेल्या शुल्कातून मोफत रुग्णांचा खर्च निघतो आणि वर विस्तारासाठीही शिल्लक राहते. विशेष म्हणजे कोणी कोणत्या विभागात जावे, हे रुग्ण स्वतःच ठरवितो. उत्पन्नाचा दाखला नाही, पिवळ्या शिधापत्रिकेची सत्यप्रत नाही, विश्वस्तांची चिठ्ठी तर नाहीच. गरिबी सिद्ध करण्यासाठी गरिबास खेटे घालावे लागत नाहीत. पैसे असून कोणी मोफत विभागात शिरला तर काय, असे मनात येणे स्वाभाविक आहे. असे काही जण शिरतही असतील. परंतु त्यांना अडविण्यासाठी शंभर गरजूंची उलटतपासणी घेणे अधिक महागात पडते, असा हिशेब त्यामागे असावा.

मोफत आणि सशुल्क यांतील भेद खोलीत आहे. शस्त्र धरणाऱ्या हातात नाही. पैसे देणाऱ्यास स्वतंत्र खोली, गारवा, खाट. मोफत रुग्णास मोठ्या दालनात चटई. डॉक्टर मात्र तेच, पाळीपाळीने दोन्हीकडे जाणारे. शस्त्रक्रियागृहात शल्यतज्ज्ञाभोवती दोन टेबले मांडलेली असतात. एका रुग्णाची शस्त्रक्रिया चालू असतानाच दुसऱ्याची तयारी परिचारिका पुरी करतात. पहिली संपली की सूक्ष्मदर्शक वळवायचा आणि दुसरी सुरू. या परिचारिका बहुतांशी आसपासच्या खेड्यांतील मुली असून त्यांना संस्थेतच दोन वर्षांचे शिक्षण दिले जाते. रुग्णालयाचा खरा डोलारा त्यांच्याच खांद्यावर आहे. त्यामुळे एकेक शल्यतज्ज्ञ वर्षाला दोन हजारांच्या आसपास शस्त्रक्रिया करू शकतो. इतक्या घाईत दर्जा राहील कसा, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर संस्थेने नोंदवहीने दिले. प्रत्येक शस्त्रक्रियेत काही गुंतागुंत झाली काय, ती कोणत्या शल्यतज्ज्ञाच्या हातून झाली, याची नोंद होते आणि तिचा वेळोवेळी सर्वांसमक्ष आढावा घेतला जातो. चूक लपविण्यापेक्षा ती मांडणे सोपे जावे, अशी व्यवस्था केली की दर्जा वाढू लागतो. घाऊक बाजारातील अनुभवही याहून वेगळा नाही.

परंतु या गौरवगाथेतील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण हे संस्थेच्या एका उणिवेचे आहे. आरंभीच्या काळात तेथेही दोन प्रकारचे उपचार होते. ज्याच्यापाशी पैसे होते त्याच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले जाई. ज्याच्यापाशी नव्हते त्याचा मोतीबिंदू नुसता काढून त्याला बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा दिला जाई. चष्मा फुटला वा हरवला की तो माणूस पुन्हा जवळजवळ आंधळाच. परदेशी भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या घरात होती आणि इतकी महागडी वस्तू गरिबांना परवडणारच नाही, असे मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते. व्यवस्थापनास हा सल्ला मानून स्वस्थ बसता आले असते. शस्त्रक्रियांचा आकडा त्याने कमी झाला नसता. त्याऐवजी १९९२ साली अमेरिकेतील सेवा फाउंडेशन व डेव्हिड ग्रीन यांच्या साहाय्याने ‘ऑरोलॅब’ हा भिंगांचा कारखाना मदुराईतच उभारण्यात आला. भिंगाची किंमत प्रथम दहा डॉलरच्या आसपास आणि पुढे त्याहूनही पुष्कळ खाली आली. मोफत रुग्णाच्या डोळ्यातही भिंग बसू लागले. गरिबाला परवडत नाही म्हणून दर्जा उतरवायचा, की दर्जा परवडावा म्हणून किंमत उतरवायची, हा निर्णय होता. तो दुसऱ्या बाजूने लागला.

महाराष्ट्रातही याच प्रश्नाला प्रामाणिकपणे भिडल्याचे एक उदाहरण आहे आणि ते जितके प्रसिद्ध व्हावयास हवे तितके झालेले नाही. यंत्राने मोतीबिंदू विरघळवून काढण्याची फेको पद्धत महाग. हाताने लहान छेद घेऊन करावयाची बिनटाक्याची पद्धत स्वस्त. धर्मादाय रुग्णालयांत गरिबांसाठी बहुधा दुसरीच वापरली जाते. मग गरिबाला दुय्यम माल दिला जातो काय? पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयातील डॉक्टरांनी हा प्रश्न गृहीतकावर न सोडता ४०० डोळ्यांवर चाचणी घेतली. कोणावर कोणती पद्धत वापरावयाची, हे दैवयोगाने ठरविण्यात आले. २००५ साली सहा आठवड्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चष्म्याविना दिसण्यात फेको पद्धत काहीशी सरस ठरली. चष्मा लावल्यानंतरची दृष्टी दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच निघाली आणि दोन्ही पद्धती सुरक्षित ठरल्या. स्वस्त वाण देताना तो कोठे कमी आहे आणि कोठे नाही, हे मोजून, छापून सांगणे, याला सचोटी म्हणतात. सेवाभावी संस्थेकडून याहून अधिक अपेक्षा करू नये. याहून कमीही करू नये.

कायद्याचा विचार करता, महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. ही तरतूद निःसंशय आवश्यक आहे. परंतु ती खाटा मोजते. त्या खाटेवर निजलेल्याकडे डॉक्टर किती वेळा फिरकला, जखम चिघळली काय, घरी जाताना त्याला औषध कसे घ्यावयाचे हे त्याच्या भाषेत कोणी समजावले काय, हे कोणत्याही कलमाला मोजता येत नाही. ते विश्वस्तांनाच मोजावे लागते.

येथे दात्यांविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. इमारतीला दाता मिळतो, यंत्राला मिळतो, दालनाला तर हमखास मिळतो, कारण त्यावर नामफलक लागतो. परिचारिकेच्या पगारावर नामफलक लावता येत नाही. निर्जंतुकीकरणाच्या यंत्राची वार्षिक दुरुस्ती, हातमोजे, शस्त्रक्रियागृहाची सफाई, रुग्णाला सहा आठवड्यांनी परत बोलाविण्याचा खर्च, हे सारे ‘महसुली खर्च’ या शुष्क सदरात जाते आणि काटकसरीची पहिली कात्री तेथेच चालते. वस्तुतः जंतुसंसर्ग टळतो तो याच सदरातून. संगमरवरी जिना चढून गेलेल्या रुग्णाला वर परिचारिकाच भेटली नाही, तर त्या जिन्याचे पुण्य कोणाच्या खाती लिहावे, असा मिस्किल प्रश्न कोणी विचारला तर रागावू नये.

आणखी एक माणूस या हिशेबात धरावा लागेल: जो आलाच नाही तो. अरविंद रुग्णालयाच्या मंडळींना फार लवकर उमगले की शस्त्रक्रिया मोफत असली तरी ती रुग्णाला फुकट पडत नाही. बसभाडे, सोबत्याची बुडालेली मजुरी, परगावचे जेवण यांचा खर्च असतोच. म्हणून शिबिरात निवडलेल्या रुग्णांना गाडीने नेणे, जेवू घालणे आणि परत पोहोचविणे हे उपचाराचाच भाग ठरले. तरीही १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले की दक्षिणेतील खेड्यांत नेत्रविकार असलेल्या शंभर जणांपैकी सातच्या आसपासच शिबिरास गेले होते. शिबिरे तुडुंब भरत होती, छायाचित्रे छापली जात होती, आणि त्र्याण्णव जण घरी होते. या आकड्याने संस्थेने शिबिरांचे कौतुक थोडे बाजूला ठेवले आणि २००४ पासून गावोगाव कायमस्वरूपी दृष्टिकेंद्रे उघडण्यास आरंभ केला. तेथे प्रशिक्षित तरुणी डोळे तपासते, रुग्णालयातील डॉक्टर दूरसंपर्काने त्याच वेळी रुग्णाशी बोलतो आणि नुसत्या चष्म्याचे काम असेल तर ते गावातच उरकते.

न्यासाच्या आगामी शिबिरांसाठी यातून उचलण्याजोगे पुष्कळ आहे, परंतु सर्व एकदम होणार नाही. सुरुवात नोंदवहीपासून व्हावी. सध्या नाव, गाव, वय, डोळा उजवा की डावा, शस्त्रक्रियेची तारीख असे रकाने असतात. त्यांच्यापुढे आणखी तीन आखावेत: शस्त्रक्रियेपूर्वीची दृष्टी, सहा आठवड्यांनंतरची दृष्टी, आणि न आल्यास कोण कधी घरी जाऊन आले. तिसरा रकाना भरण्यासाठी युवक मंडळाला मोटारसायकलच्या पेट्रोलचा खर्च मंजूर करावा लागेल. तो नेत्रशिबिराच्या खर्चातच धरावा. पुढील वार्षिक अहवालात जे आकडे येतील ते पहिल्या वर्षी कदाचित सुखावणारे नसतील. तरी ते शस्त्रक्रियांच्या संख्येशेजारी, त्याच टाइपात छापावेत.