परदेशी अनुदान आणि वर्गातील एक तास



शाळेला अनुदान मिळाले की प्रथम वस्तू येतात. खोकी उतरतात, डेडस्टॉकच्या नोंदवहीत नोंद होते, कपाटाला कुलूप लागते. पुस्तक फाटले तर हिशेब कोणी द्यावयाचा, या भीतीने ते कुलूप बहुधा तपासणीच्या दिवशीच उघडते. परंतु पुस्तके कपाटात न राहता मुलांच्या हाती पोहोचली, तरी तेवढ्याने मूल वाचावयास लागते काय, हा प्रश्न उरतोच. या प्रश्नाचे एक उत्तर पूर्व आफ्रिकेतील केनिया देशात मिळाले.

केनियाच्या पश्चिम भागातील बुसिया परिसरात १९९६ साली हॉलंडमधील एका सेवाभावी संस्थेने प्राथमिक शाळांना पाठ्यपुस्तके दिली. तेथे चार-पाच मुलांत एखादे पुस्तक असणे हीही चैनच होती. त्यामुळे पुस्तके मिळताच मुलांची प्रगती होईल, याविषयी कोणालाही शंका नव्हती. १०० शाळा निवडून पहिल्या वर्षी त्यांपैकी २५ शाळांना पुस्तके देण्यात आली. पुढे मायकेल क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुस्तके मिळालेल्या व न मिळालेल्या शाळांतील मुलांचे गुण ताडून पाहिले, तेव्हा सर्वसाधारण मुलाच्या गुणांत फरक आढळला नाही. आधीच हुशार असलेल्या थोड्या मुलांना मात्र लाभ झाला. कारण अगदी साधे होते. पुस्तके इंग्रजीत होती, आणि त्या भागातील बहुतेक मुलांची इंग्रजी ही तिसरी भाषा. घरची बोली एक, बाजारची स्वाहिली दुसरी, आणि पुस्तक तिसरीतच. खालच्या वर्गांतील कित्येकांना ते पुस्तक वाचताही येत नव्हते. दात्याचा हेतू शुद्ध होता, वस्तूही चांगली होती. परंतु ती ज्या मुलासाठी छापली होती ते मूल त्या वर्गात फारसे नव्हते.

याच सुमारास मुंबईत एक निराळा प्रयत्न चालला होता. युनिसेफ व मुंबई महानगरपालिका यांच्या साहाय्याने १९९५ च्या सुमारास डॉ. माधव चव्हाण व श्रीमती फरीदा लांबे यांनी ‘प्रथम’ ही संस्था उभी केली. तिच्या ‘बालसखी’ उपक्रमात वस्तीतीलच एक शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या १५ ते २० मुलांना दररोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन बसे व त्यांना जेथून येत नाही तेथून शिकवी. इयत्ता चौथीची असो, मुलाला बाराखडी येत नसेल तर प्रारंभ बाराखडीपासूनच. मुंबई व बडोदे येथे २००१ ते २००३ या काळात या उपक्रमाची परीक्षा झाली, आणि मुलांचे भाषा व गणित दोन्ही सुधारल्याचे आढळले. त्या संशोधकांपैकी अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांना २०१९ साली क्रेमर यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मुलाची पायरी ओळखण्याची रीतही अशीच साधी आहे. एका कागदावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा लहान उतारा व दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितासाठी अंक ओळखणे, हातच्याची वजाबाकी व भागाकार. मूल शिक्षकाजवळ बसते, वाचते, अडखळते. काही मिनिटांत त्याची पायरी कळते. ‘असर’ या नावाने २००५ पासून भारतातील खेड्यांत याच कागदाने पाहणी होऊ लागली. २००९ पासून केनिया, टांझानिया व युगांडा येथे ‘उवेझो’ या नावाने तसाच प्रयत्न झाला. देवाणघेवाणीचा ओघ नेहमी उत्तरेकडूनच दक्षिणेकडे वाहतो, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, रीत सापडली, आता शिक्षकांना प्रशिक्षण द्या, साहित्य द्या, काम झाले. तसे झाले नाही, आणि हा भाग शिक्षकांनी अवश्य विचारात घेण्यासारखा आहे. २००८ च्या पुढे बिहार व उत्तराखंड येथे सरकारी शिक्षकांना ही रीत शिकविण्यात आली, साहित्यही देण्यात आले. या कामामागे परदेशी प्रतिष्ठानांचे द्रव्यसाहाय्यही होते. तरीही शाळेच्या नेहमीच्या वेळात मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. शिक्षक अपात्र होते म्हणावे, तर बिहारमधील त्याच सरकारी शिक्षकांनी सुट्टीत महिनाभर शिबिरे घेतली, तेव्हा मुले वाचू लागली! मनुष्य तोच, साहित्य तेच. मग शाळेत आड काय आले? आड आला अभ्यासक्रम. जून ते एप्रिल त्याचा गाडा पुढे ओढावा लागतो, आणि मागे राहिलेल्या मुलासाठी थांबणे हे त्या गाड्याच्या हिशेबात कामचुकारपणाच ठरते. शिक्षकाला दोष देण्यापूर्वी वरच्यांनी ही गोष्ट पाहावयास हवी.

हरियाणात २०१२-१३ मध्ये हीच अडचण ओळखून पाऊल टाकले गेले. तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी वेळापत्रकात एक तास वेगळा काढला. त्या तासाला इयत्तेच्या भिंती नव्हत्या. अक्षरे न येणारी मुले एकीकडे, उतारा वाचणारी दुसरीकडे, मग ती कोणत्याही वर्गाची असोत. याहून महत्त्वाचे म्हणजे, शिक्षकांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः १५-२० दिवस मुलांना या रीतीने शिकवून पाहिले. ज्याने स्वतः खडू हाती धरला आहे, त्याची तपासणी शिक्षकाला जाचक वाटत नाही, हे सांगावयास अहवालाची गरज नाही. या शाळांत मुलांचे भाषेचे गुण वाढले.

पुढे ही रीत समुद्रापलीकडे गेली. झांबिया देशाच्या शिक्षण मंत्रालयाने २०१६ साली ‘कॅच अप’ नावाने ती तिसरी ते पाचवीच्या वर्गांत करून पाहिली व नंतर वाढविली. युनिसेफ, अमेरिकेची यूएसएड, बेल्जियममधील व्हीव्हीओबी अशा अनेकांचे साहाय्य तिला लाभले. ‘प्रथम’च्या माणसांनी अनुभव दिला. तेथील बेम्बा, न्यांजा, टोंगा आदी भाषांत अक्षराच्या शेवटी बहुधा स्वर येतो. त्यामुळे बा, बे, बी, बो, बू असा तक्ता मांडणे सोपे जाते. बाराखडी पाठ केलेल्या शिक्षकाला तो परका वाटणार नाही. दशक-एकक शिकविण्यास दहा काड्यांचा गठ्ठा तेथेही तितकाच उपयोगी पडतो.

मग अनुदानाने नेमके काय साधते? छपाई, प्रवास, प्रशिक्षण, पाहणी करणाऱ्यांचे वेतन आणि चूक करून पाहण्याची मुभा. शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. कारण सरकारी खर्चाच्या शीर्षात चुकीसाठी जागा नसते. मात्र वेळापत्रकातला तास परदेशी पैशाने मिळत नाही. तो त्या देशाच्या खात्याने आणि त्या शाळेच्या मुख्याध्यापकानेच काढावयाचा असतो.

दात्याचे मन केव्हा फिरेल याचा नेम नसतो. यूएसएड ही प्रचंड संस्था २०२५ साली अमेरिकन सरकारने बंद केली. तिच्या पैशावर अनेक देशांत चाललेली वाचनाची कामे काही आठवड्यांतच थांबली. जेथे पगार, वाहने व कार्यालये तिच्यावर अवलंबून होती, तेथे सारे एकदम उघडे पडले. अशा वेळी मोडत नाहीत त्या वस्तू फार थोड्या: जमिनीवर खडूने काढलेला तक्ता, काड्यांचा गठ्ठा, आणि कोणते मूल कोठे अडले आहे हे लिहून ठेवलेला शिक्षकाच्या वहीतील एक कागद.