फाइल उघडत नाही तेव्हा

अनुवादाच्या सॉफ्टवेअरमध्ये रोज काम करणाऱ्यांना कधी ना कधी पडद्यावर ती सूचना दिसतेच: फाइल उघडता येत नाही. आठवड्याभराचं काम त्या एका ओळीमागे अडकून पडतं. मग कुणी पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात करतं, तर कुणी फाइल संगणकाच्या जाणकाराकडे सोपवून मोकळं होतं. मला वाटतं, ही दुरुस्ती अनुवादकानं स्वतः करायला शिकलं पाहिजे. मुद्रितं तपासणं जसं लेखनाच्या कामात येतं, तसं हे अनुवादाच्या कामात येतं.

या फाइलीत असतं तरी काय? अशी सॉफ्टवेअरं मजकुराची वाक्यावाक्यांत फोड करतात, प्रत्येक तुकड्याला सेगमेंट म्हणतात आणि मूळ वाक्य व त्याचा अनुवाद शेजारी शेजारी साठवतात. ट्रॅडोस स्टुडिओची फाइल घ्या किंवा मेमोक्यूमधून सहकाऱ्याला पाठवायची द्विभाषिक फाइल घ्या, दोन्ही एक्सलिफ या घराण्यातल्या. आणि एक्सलिफ म्हणजे एक्सएमएल, म्हणजे खुणा, अर्थात टॅग, घातलेला साधा मजकूर. नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये तो डोळ्यांनी वाचता येतो. फक्त एक्सएमएलचा नियम फार कडक आहे. एक टॅग बंद करायचा राहिला, किंवा पीडीएफमधून चिकटवलेल्या मजकुराबरोबर एखादं न दिसणारं, निषिद्ध नियंत्रणचिन्ह आत आलं, की वाचणारा प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि अख्खी फाइल नाकारतो. हजार सेगमेंटांतले नऊशे नव्व्याण्णव तेव्हाही जागच्या जागी शाबूत असतात. दोष कुठे आहे तेही पुष्कळदा सूचनेतच लिहिलेलं असतं, ओळीच्या क्रमांकासह. फाइलीची प्रत काढायची, मूळ फाइलीला हात लावायचा नाही, प्रतीत ती ओळ गाठायची आणि टॅग नीट करायचा. ओमेगाटी हे सॉफ्टवेअर तर आपल्या अनुवादाच्या नोंदींच्या शेवटच्या दहा प्रती प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच राखून ठेवतं. तिथे न डोकावताच पुन्हा टंकायला बसणारे पाहिले की वाईट वाटतं. वीज गेल्यामुळे फाइल नुसत्या शून्यांनी भरली असेल, तर मात्र तिच्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरत नाही. तेव्हा अनुवाद-स्मृतीकडेच, म्हणजे मूळ वाक्यं व त्यांचे अनुवाद यांच्या वेगळ्या साठ्याकडेच, जावं लागतं.

त्या स्मृतीवरूनच कुणी म्हणेल, की सगळा अनुवाद तिथे साठलेला असताना बिघडलेल्या फाइलीत डोकं कशाला घालायचं? मूळ दस्तऐवज पुन्हा घ्यावा, स्मृती लावावी, वाक्यं आपोआप भरून येतील. यात तथ्य आहे. ट्रॅडोसची स्मृती हा वेगळा डेटाबेस असतो, फाइल बिघडली तरी तो सहसा सुखरूप राहतो. आणि टीएमएक्स या १९९८ सालापासूनच्या सामायिक स्वरूपामुळे एका सॉफ्टवेअरची स्मृती दुसऱ्यात नेता येते. पण स्मृतीत जातात ते अनुवादकानं पक्के केलेले सेगमेंट. अर्धवट ठेवलेली वाक्यं आणि शंका म्हणून लिहिलेली टिपणं फाइलीतच राहतात. शिवाय इंग्रजीतला ‘ओपन’ हा एकच शब्द बटणावर ‘उघडा’ होतो आणि दुकानाच्या वेळांमध्ये ‘चालू’. स्मृतीत अनेकदा नंतरचा पर्याय आधीच्याला पुसून टाकतो. कुठे कोणता निवडला होता, हे फाइलच सांगू शकते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे तंत्रज्ञाचं काम, अनुवादकानं भाषा सांभाळावी. माझं उत्तर भाषेतूनच येतं. अक्षरं साठवण्याच्या युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘अनुवाद’ या शब्दात काने-उकारांसह सहा चिन्हं, म्हणजे अठरा बाइट. फाइल मध्येच तुटली तर ती एखाद्या अक्षराच्या पोटातही तुटू शकते, आणि तिथे कोणतं अक्षर होतं हे मराठी न येणाऱ्याला कसं कळणार? त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे सफाई. निषिद्ध चिन्हं काढताना न दिसणारं सगळंच सरसकट काढून टाकण्याचा मोह होतो. आपला आडवा अर्धा र मात्र काही कीबोर्डांवर अशाच एका न दिसणाऱ्या जोडचिन्हानं बनतो. ते चिन्ह एक्सएमएलला पूर्ण चालतं, पण सफाईत गेलं की ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं. स्वयंपाक्यांसाठी लिहिलेली सूचना गुरुजनांच्या नावे जाते. फाइल उघडते, सॉफ्टवेअर चूक दाखवत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत.

आता ऑनलाइन सर्व्हरवर काम होतं, तिथे हा प्रश्नच नाही, असंही ऐकू येतं. तिथे प्रती नियमित निघतात, हे चांगलंच आहे. पण चुकीची सफाई किंवा चुकीचा शोध-आणि-बदल सर्व्हर तितक्याच तत्परतेनं सर्वांच्या पडद्यावर पोहोचवतो. म्हणून फाइल परत उघडल्यावर आधी सेगमेंटांची संख्या मूळ दस्तऐवजाशी ताडावी, मग टॅग पाहावेत, आणि मग शोधाच्या चौकटीत ‘र्य’ घालून आलेला एकेक शब्द वाचावा. ‘कार्य’ आणि ‘सूर्य’ पुढे जाऊ द्यावेत. ‘वार्यावर’ दिसला, की थांबावं.