बेताच्या पैशात रोजची सायकल : कोणता भाग कसा निवडावा

रोज कामावर न्यायची सायकल निवडताना आधी रस्ता पाहावा आणि मग पंक्चरचे दुकान. गोंदिया जिल्ह्यात फुलचूर, कुडवा, नागरा इथून शहरात येणारा माणूस सपाट डांबरी रस्त्याने येतो. तिरोडा-गोरेगावकडच्या खेड्यांत बरीचशी वाट मुरमाची असते. सालेकसा आणि देवरीकडे दरेकसा, चिचगड या भागात चढ लागतात. हवामान मात्र सगळीकडे सारखेच. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, जून ते सप्टेंबर धो धो पाऊस असतो, रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरची चाके कन्हारी मातीचा चिकट चिखल रस्त्यावर आणून टाकतात आणि धुऱ्यावरच्या बाभळींचे काटे बाराही महिने असतात. हे सारे सोसून जी सायकल तालुक्याच्या दुकानात दुरुस्त होऊ शकते, तीच इथे स्वस्त.

एकेक सुटा भाग आणून सायकल बांधणे बहुतेक वेळा महागात पडते. कारखान्याला हब, क्रँक, हँडल घाऊक भावाने मिळतात, गिऱ्हाइकाला किरकोळ भावाने. त्यामुळे चांगल्या फ्रेमची तयार सायकल ठरवावी आणि दोन-तीन मोजके भाग जोडणीआधीच बदलून मागावेत. सायकल दुकानात खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. तेव्हा न वापरलेले टायर किंवा फ्रीव्हील दुकानदार परत ठेवून घेऊ शकतो आणि फरकापुरतेच पैसे पडतात. सायकल घरी नेल्यावर हीच अदलाबदल पूर्ण किमतीला पडते. सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पक्के बिल घ्यायला संकोच करू नये.

फ्रेम लोखंडी असली तरी बिघडत नाही. ती ॲल्युमिनिअमपेक्षा थोडी जड असते, पण तुटली तर गावातला वेल्डर जोडून देतो. ॲल्युमिनिअमची फ्रेम गंजत नाही, मात्र तिला गावात सहसा जोड देता येत नाही. दोन्हींत पाहायचे ते असे : मडगार्ड आणि कॅरियर बसवायला भोके आहेत का, आणि टायर व चिमट्याच्या मधे बोट सहज जाईल एवढी फट आहे का. ही फट नसेल तर पावसाळ्यात चिखल अडकून चाक जाम होते. पुढच्या चिमट्यात शॉकॲब्सॉर्बर असलेल्या स्वस्त सायकलींचा मोह टाळावा. कमी किमतीतला शॉकॲब्सॉर्बर म्हणजे बहुधा नुसती स्प्रिंग असते. ती वजन वाढवते, पायाचा जोर खाते आणि दोन पावसाळ्यांत गंजून बसते. तेवढेच पैसे जाड टायरवर घातले तर धक्के जास्त चांगले शोषले जातात.

फ्रेमच्या मापात तडजोड नसावी. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभे राहिल्यावर आडव्या दांड्याच्या वर थोडी जागा उरली पाहिजे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. ही सायकल आठवीत घेतली तरी बारावीपर्यंत चालवायची असते. म्हणून लांब सीटपोस्टची आणि हँडल वर-खाली करता येईल अशी सायकल तिथे योग्य.

सर्वांत जास्त लक्ष आणि पैसा चाकांवर खर्च करावा. रिम ॲल्युमिनिअमची आणि दुहेरी भिंतीची असावी. कॅरियरवर सामान किंवा दुसरा माणूस बसणार असेल तर मागच्या चाकाला किमान ३६ तारा हव्यात. जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत, त्यामागे हाच हिशोब होता : बहुतेक वजन मागच्या चाकावर येते. नवे चाक हातात घेऊन एकाच बाजूच्या तारा नखाने एकेक छेडून पाहाव्यात. आवाज साधारण सारखा आला तर ताण सारखा आहे. एखादी तार बद्द वाजली तर ती ढिली असते आणि तिच्या वाट्याचे ओझे शेजारच्या तारांवर पडते. अशा चाकाचा आऊट दुकानातच काढून घ्यावा.

टायरच्या आकाराच्या बाबतीत फसगत फार होते. २८ इंची म्हणून विकली जाणारी चाके एकाच मापाची नसतात. जुन्या काळ्या सायकलीचे २८ बाय दीडचे टायर ६३५ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसते, तर नव्या शहरी सायकलींचे ७००-सी टायर ६२२ मिलिमीटरच्या रिमवर. फरक जेमतेम १३ मिलिमीटरचा, पण एक दुसऱ्यावर बसत नाही. २६ इंचांतही तेच : माउंटन सायकलची रिम ५५९ मिलिमीटरची आणि २६ बाय एक पूर्णांक तीन अष्टमांशची ५९० ची. खात्रीचा आकडा टायरच्या कडेवर रबरात उमटवलेला असतो. उदाहरणार्थ, ३७-६२२ म्हणजे ३७ मिलिमीटर रुंद आणि ६२२ च्या रिमवर बसणारे टायर. सायकल ठरवण्याआधी हा आकडा टिपून घ्यावा आणि रोजच्या वाटेवरच्या दुकानात त्या मापाची ट्यूब-टायर मिळते का, ते विचारून यावे. मिळत नसेल तर ती सायकल कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी.

रुंदीच्या बाबतीत शर्यतीच्या सायकलीचे २३ किंवा २५ मिलिमीटरचे टायर मुरमाच्या रस्त्यावर निरुपयोगी. ३५ ते ३८ मिलिमीटरचे टायर डांबरावरही हलके चालते आणि खड्ड्यात रिम वाचवते. बाभळीच्या काट्यांसाठी आतून संरक्षक पट्टा असलेले टायर घ्यावे. फरकाची रक्कम काही पंक्चरांत वसूल होते. व्हॉल्व्ह मोटारसायकलच्या ट्यूबला असतो तसा जाड असावा, म्हणजे हवा कुठल्याही पंपावर भरता येते. शर्यतीच्या सायकलीचा बारीक व्हॉल्व्ह असला तर वेगळा अडॅप्टर खिशात बाळगावा लागतो.

ब्रेकचा प्रश्न इथे जिवाशी जोडलेला आहे. क्रोमचा मुलामा दिलेली लोखंडी रिम ओली झाली की तिच्यावर रबरी ब्रेक शू नुसता घसरतो आणि सायकल थांबायला कोरड्या रस्त्याच्या कितीतरी पट अंतर लागते. ॲल्युमिनिअमच्या रिमवर हा फरक बराच कमी होतो. रिमबद्दलचा आग्रह त्यासाठीही आहे. बेताच्या पैशात व्ही-ब्रेक सर्वांत समाधानकारक : पकड चांगली, भाग स्वस्त आणि कोणताही मिस्त्री तो लावू शकतो. एक पथ्य मात्र आहे. व्ही-ब्रेकला केबल जास्त ओढणारा लिव्हर लागतो. खाली वळलेल्या हँडलचा किंवा जुन्या कॅलिपरचा लिव्हर त्याला जोडला तर ब्रेक पुरता लागत नाही. लिव्हर आणि ब्रेक नेहमी जोडीने घ्यावेत. केबलवर चालणारा डिस्क ब्रेक चिखलात चांगला, पण अगदी स्वस्तातला वारंवार जुळवावा लागतो. तेलावरचा डिस्क ब्रेक उत्तम असला तरी तेल भरण्याची सोय जवळ नसेल तर तो नको. ब्रेक शू उन्हात कडक होतात; पावसाळ्याआधी ते बदलण्याचा खर्च नगण्य असतो.

गिअरच्या संख्येवर सायकलीची जाहिरात होते, आणि तिथेच बेताचे पैसे वाया जातात. क्रँकच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असतील तर ७००-सीच्या चाकावर पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे सव्वापाच मीटर अंतर कापले जाते. मिनिटाला ६० फेरे मारले की ताशी १९ किलोमीटर. गोंदिया, तिरोडा, आमगावच्या सपाटीवर एवढे पुरते. जड वाटले तर १८ ऐवजी २० दात्यांचे फ्रीव्हील बसवावे. देवरी-सालेकसाकडे मात्र गिअर हवेतच, आणि तिथेही पुढे एक चक्र व मागे सहा-सात चक्रांच्या पायऱ्या असल्या की काम भागते. पुढची तीन चक्रे म्हणजे आणखी एक डिरेलर, आणखी एक केबल आणि चिखल साचायला आणखी एक जागा.

चेन स्वस्त असते, पण झिजलेली चेन मागचे फ्रीव्हील आणि पुढचे चक्र दोन्ही खाते. ती तपासायला शाळकरी मुलाची फूटपट्टी पुरते. चेन ताणून धरावी आणि पट्टीचे शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवावे. नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर दुसऱ्या पिनचा मध्य येतो. तो एक सोळांश इंच पुढे सरकला असेल तर चेन बदलावी. एक अष्टमांश सरकला असेल तर बहुधा फ्रीव्हीलही बदलावे लागते. नवी चेन घेताना साध्या सायकलीची रुंद आणि गिअरवाल्या सायकलीची अरुंद हा फरक सांगूनच मागावी.

क्रँकचा आस ज्यात फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटमध्ये सुटे छर्रे असले तर पावसाळ्यानंतर तो उघडून धुऊन ग्रीस भरावे लागते. सीलबंद बेअरिंगचा घेतला तर बरीच वर्षे हात लावायला लागत नाही. मूळ किमतीत हा फरक थोडाच असल्याने तो जरूर मागावा. रपट्यावरचे पाणी हबपर्यंत आले तर छर्‍र्‍यांमधले ग्रीस धुऊन जाते, आणि वाहत्या पाण्यात सायकल घालणे तर कधीच बरे नव्हे.

सीट फार मऊ असू नये. लांबच्या वाटेवर मऊ सीटच जास्त टोचते. मडगार्ड पूर्ण लांबीचे, कॅरियर लोखंडी आणि स्टँड मजबूत असावा. मागे लाल दिवा आणि रिफ्लेक्टर सायकलीबरोबरच घ्यावेत, कारण राईस मिलकडे जाणारे धानाचे ट्रक रात्रीही धावतात.

सायकल ताब्यात घेताना डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे लक्षात ठेवून दोन्ही पायडल घट्ट आहेत का ते पाहावे. पहिल्या महिन्यात नव्या तारा बसतात, केबल ताणल्या जातात आणि क्रँकचा बोल्ट सैल होतो. तो सैल असतानाच चालवले तर मऊ ॲल्युमिनिअमच्या क्रँकचे चौकोनी भोक गोलसर होते आणि पुढे कितीही आवळला तरी तो क्रँक घट्ट बसत नाही. म्हणून महिनाभराने सायकल त्याच दुकानात नेऊन तारा, केबल आणि क्रँक आवळून घ्यावेत, आणि हे काम किमतीत धरले आहे का ते खरेदीच्या वेळीच बिलावर लिहून घ्यावे.